उत्तराचे तिकीट

गेल्या महिन्यात आठवीच्या वर्गात पत्रलेखनाचा तास होता. अनोळखी माणसाकडून उत्तर हवे असेल तर स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत ठेवावे, हे आम्ही दरवर्षीप्रमाणे सांगितले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, माझ्या दादीची मोठी बहीण इंग्लंडमध्ये आहे. दादीला तिला खत पाठवायचे आहे. आतल्या पाकिटावर तिकीट आपले लावायचे की तिथले?"

"व्हॉट्सॲप कर ना!" वर्ग हसला. मुलगी म्हणाली, "त्यांना मोबाईल जमत नाही. हाताने लिहिलेले मात्र वाचतात."

आम्हाला हसू आले नाही. हाच प्रश्न तीस वर्षांपूर्वी आम्ही कोणाला विचारला असता, तर एका घरातली दोन वर्षांची कडवट शांतता टळली असती.

आम्ही तेव्हा सातवीत होतो, दिग्रसला. अक्षर बरे म्हणून मोहल्ल्यातल्या बायका आमच्याकडून खत लिहून घेत. शेजारच्या खालाजानचा धाकटा भाऊ फाळणीनंतर कराचीला गेलेला. दोन-तीन महिन्यांनी एक खत जायचे, एक यायचे. मग भाऊ नोकरीतून निवृत्त झाला, आजारी पडला आणि मुलाच्या घरी राहू लागला. उत्तरे विरळ झाली. खालाजानने विचार केला, भावाला उत्तराचा खर्च कशाला? तिने आम्हाला पोस्टातून तिकिटे आणायला लावली. दर खतात दिग्रसचा पत्ता लिहिलेले एक पाकीट आम्ही ठेवत होतो आणि त्यावर आपली हिंदुस्थानी तिकिटे आमच्याच हाताने चिकटवत होतो.

उत्तर आले नाही. एक ईद गेली, दुसरी गेली. खालाजान म्हणायची, "लिफाफा दिला, तिकीट दिले, तरी दोन ओळी लिहायला त्याला फुरसत नाही." पुढे खत लिहायचे तिनेच बंद केले.

दोन वर्षांनी कराचीहून कोणी पाहुणे लग्नाला आले. त्यांच्या हाती भावाने एक पुडके पाठवले होते. त्यात आमची सगळी पाकिटे होती, कोरी, तिकिटांवर शिक्का नसलेली. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते : आपा, ही तिकिटे इथे चालत नाहीत, आणि हे तुला कळवायला इथले तिकीट हवे होते. सून-मुलाकडे दर वेळी पैसे मागायची शरम वाटली.

खालाजान बराच वेळ ती पाकिटे मोजत बसली. मग म्हणाली, "दोन वर्षे मी त्याचा गिला केला, बेटा." चूक आमचीही होती. पण ती पाकिटे परत येईपर्यंत आम्हाला ती कळली नव्हती.

तिकीट म्हणजे टपाल खात्याला आधीच भरलेली मजुरी. आपल्या तिकिटाचे पैसे आपल्या खात्याकडे जातात. कराचीत किंवा लंडनमध्ये पेटीत पडलेल्या पत्राची मजुरी तिथल्या खात्याला मिळायला हवी. म्हणून पत्र ज्या देशात पेटीत पडते, त्या देशाचेच तिकीट लागते.

आखाती देशांत गेलेल्यांच्या घरी हे बरोबर ठाऊक होते. मुलगा जेद्दाहला निघाला की आई त्याच्या बॅगेत हिंदुस्थानी तिकिटे लावलेली पाकिटे ठेवायची. सुट्टीवर घरी निघालेल्या माणसाच्या हाती तो ती पत्रे द्यायचा आणि तो माणूस मुंबईत उतरून पेटीत टाकायचा. पत्र लिहिले जेद्दाहला, पण पेटीत पडले मुंबईत, म्हणून आपले तिकीट चालले.

१८७४ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेचा करार झाला. भारत १८७६ पासून तिचा सदस्य आहे. या संघटनेचा एक जुना नियम वाचून आम्ही थक्क झालो. परदेशी पत्राच्या तिकिटाचे पैसे पाठवणाऱ्या देशाने ठेवायचे, घरोघरी पोहोचवणाऱ्या देशाने त्याबद्दल काही मागायचे नाही. कारण एक पत्र गेले की त्याचे एक उत्तर येणारच, म्हणजे दोघांचा हिशेब आपोआप सारखा! जवळजवळ शंभर वर्षे, १९७१ पर्यंत, जगाचे टपाल या भरवशावर चालले.

उत्तराचा खर्च पाठवणाऱ्यालाच भरता यावा, म्हणून याच संघटनेने १९०६ च्या रोम परिषदेत एक सोय केली : आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन. १ ऑक्टोबर १९०७ पासून ते सुरू झाले. कूपन आपल्या देशात विकत घ्यायचे आणि पत्रात ठेवायचे. समोरच्याने ते आपल्या पोस्टात दिले की परदेशी साध्या हवाई पत्राला पुरेल इतके तिथले तिकीट त्याला मिळते. कूपन बदलून देणे सर्व सदस्य देशांवर बंधनकारक आहे, विकणे मात्र ऐच्छिक. ब्रिटनने २०११ अखेर आणि अमेरिकेने २०१३ मध्ये विक्री बंद केली. तेव्हा आपल्याकडे कूपन मिळते का, हे यवतमाळच्या मुख्य टपाल कार्यालयात आधी विचारून घ्यावे. मिळाले तर त्यावर छापलेली मुदत पाहावी. मुदत संपलेले कूपन म्हणजे पुन्हा खालाजानचे पाकीट.

कूपन न मिळाल्यास साधे उपाय आहेत. त्या देशातल्या एखाद्या नातेवाइकाला तिथली तिकिटे लावलेली चार-सहा पाकिटे आपला पत्ता लिहून म्हाताऱ्या माणसाजवळ ठेवायला सांगावे. पत्ता आणि पिनकोडखाली शेवटच्या ओळीत देशाचे नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत हवेच. कार्यालयाला किंवा संस्थेला लिहीत असाल तर "उत्तर ईमेलवर चालेल" एवढे लिहिले तरी त्यांचा खर्च वाचतो. साध्या पाकिटात नोटा मात्र ठेवू नयेत. टपालाच्या नियमांत ते बसत नाही आणि नोट पोहोचेलच याची खात्रीही नसते.

काहींना असे तिकीट पाठवणे अपमानाचे वाटते. उर्दूच्या वर्गात मिर्झा गालिबची पत्रे शिकवताना आम्ही मुलांना सांगतो, की मौलाना हालींनी 'यादगार-ए-गालिब'मध्ये नोंदवून ठेवले आहे : लोक मिर्झांना बैरंग पत्रे पाठवत, तरी त्यांना वाईट वाटत नसे. पण कोणी पाकिटात तिकीट ठेवले तर ते सक्त तक्रार करीत. तंगीच्या दिवसांतही दोस्ताच्या पत्राचा खर्च त्यांना भार वाटत नव्हता. ही मिर्झांची खुद्दारी. पण प्रत्येक घरात मिर्झा नसतो. कोणाच्या घरी सुनेकडे हात पसरायची शरम असते, कोणाच्या घरी पोस्टापर्यंत जायला माणूस नसतो. त्यांनी काही सांगण्याआधी ती अडचण ओळखणे हे आपले काम. तिकीट ठेवावे, आणि सोबत दोन शब्दही लिहावेत : "हे तुमच्या सोयीसाठी, मनाला लावून घेऊ नका."

हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचे मत इमाम बुखारींच्या 'अल-अदब अल-मुफ्रद'मध्ये आले आहे, की पत्राचे उत्तर देणे सलामच्या उत्तरासारखेच आवश्यक आहे. हे आपण उत्तर न देणाऱ्याला ऐकवतो. पण त्याला उत्तर देणे शक्य आहे का, हे पाहणे पाठवणाऱ्याकडे येते.

काही दारे आपल्या हातात नसतात. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत दोन्ही देशांतले टपाल तुटले होते. ३ मे २०२५ पासून पाकिस्तानातून येणारे टपाल भारताने थांबवले. तिथे कूपनही काही करू शकत नाही. म्हणून जिथे वाट उघडी आहे, तिथे एका तिकिटासाठी नाते अडू नये.

त्या मुलीच्या चाचांनी इंग्लंडमध्ये तिकिटे लावलेली सहा पाकिटे दादीच्या बहिणीकडे नेऊन दिली आहेत. दादीचे खत मागच्या जुम्म्याला गेले. उत्तर अजून यायचे आहे. मुलगी रोज पोस्टमनची वाट पाहते, आणि खरे सांगायचे तर आम्हीही.