शिस्तीच्या नावाखाली

विदर्भातील शाळा उन्हाच्या तडाख्यामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जून महिना सरता सरता उघडतात. वर्धा जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत, आर्वी-आष्टीपासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंत, जिल्हा परिषदेच्या शाळांत नवागतांचे स्वागत होते, फुले दिली जातात, गोड खाऊ वाटला जातो. वाचकहो, त्या सोहळ्याविषयी आमची तक्रार नाही. पहिल्या दिवसाचे फूल सुकल्यानंतर वर्गाच्या बंद दाराआड आपल्या मुलाशी कसे वागले जाते, एवढाच आमचा प्रश्न आहे. आणि तो विचारण्याचा अधिकार आपणांस कायद्याने दिलेला आहे, कोणाच्या मेहेरबानीने नव्हे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. तरीही आपल्याच वस्तीतील बाप मुलाला शाळेत घालताना "गुरुजी, हवे तर मारा, पण पोराला शहाणे करा" असे म्हणतो. ज्याच्या आज्याला शाळेच्या पायरीवर उभे राहू दिले नाही, त्या बापाच्या तोंडी हे शब्द विश्वासाने येतात, हे आम्ही जाणतो. परंतु छडी आणि विद्या यांची सांगड घालणारी म्हण ज्यांनी रूढ केली, त्यांच्या पाठशाळेत आपल्या पूर्वजांना छडी खाण्यापुरताही प्रवेश नव्हता, हे त्या बापाने विसरू नये. आणि छडी सर्वांवर सारखी पडते, हाही भ्रमच आहे. पाटलाच्या मुलाने गृहपाठ केला नाही तर तो खोडकर ठरतो. मजुराच्या मुलाने केला नाही तर त्याचे कूळ काढले जाते.

इतिहास पाहावा. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि त्याने सरकारकडे दाद मागितली. सरकारी पैशाने चालणारी शाळा सर्वांची की काहींची, हा प्रश्न त्या एका अर्जाने वेशीवर टांगला. पुढे दार उघडले, पण दाराच्या आतले अंतर तसेच राहिले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत ज्यांचे नाव दाखल झाले, त्या बाबासाहेबांना बसण्यासाठी तरटाचा तुकडा घरून आणावा लागे व तो संध्याकाळी परत न्यावा लागे; शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर तहान. कोणी त्यांना मारत नव्हते. शाळेच्या दृष्टीने ती केवळ व्यवस्था होती, शिस्त होती. आज महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिन म्हणून साजरा होतो. ज्या शाळांत तो साजरा होतो, तेथे पाण्याच्या टाकीपाशी कोण आधी व कोण नंतर उभे राहते, हे त्याच दिवशी पाहून घ्यावे. राजस्थानातील जालोर जिल्ह्यात २०२२ साली नऊ वर्षांचा एक दलित विद्यार्थी शिक्षकाच्या मारहाणीनंतर काही आठवड्यांनी मरण पावला. माठाला हात लावला म्हणून मारले, असे त्याच्या कुटुंबाचे म्हणणे होते. माठाविषयी पुढे वाद माजला. माठाचा वाद बाजूला ठेवला तरी मुलाचे प्रेत उरतेच.

वर्धेला या विषयात विशेष स्थान आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी येथेच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि 'वर्धा योजना' देशभर गाजली. हस्तोद्योगात रमलेल्या मुलाला छडीची गरज उरत नाही, हा तिच्यातील विचार आम्हांस मान्य आहे. सेवाग्रामच्या नयी तालीमेत सफाई हे सर्वांचे काम होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ज्या खेड्यात प्रत्येक काम आधीच कोणत्या ना कोणत्या जातीच्या गळ्यात अडकवलेले आहे, तेथे सर्व मुलांच्या हाती झाडू देणे आणि एकाच वस्तीच्या मुलांच्या हाती झाडू देणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. पहिल्याने अहंकार गळतो, दुसऱ्याने गुलामगिरी पुन्हा मुरते. म्हणून वाचकहो, आपल्या गावच्या शाळेची परीक्षा घेण्याचा सोपा मार्ग आम्ही सुचवतो: शौचालय कोण धुतो ते विचारा. पाळी असेल तर ती भिंतीवर लिहिलेली असावी, तिच्यात प्रत्येक मुलाचे नाव असावे आणि गुरुजींचेही असावे. तशी पाळी नसेल आणि नेहमीची दोन-चार नावेच पुढे येत असतील, तर त्यास शिस्त म्हणण्याचे कारण नाही.

शिक्षकांवर सरसकट दोषारोप करणे आम्हांस मान्य नाही. द्विशिक्षकी शाळेत एकेक गुरुजी दोन-दोन वर्ग एकाच खोलीत सांभाळतो. त्यावर निवडणुकीची व जनगणनेची कामे येतात, माहिती भरून पाठवण्याचे तगादे येतात. अशा माणसाचा हात उठतो तो पुष्कळदा थकव्याने. शिक्षकही सुरक्षित नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये याच जिल्ह्यात हिंगणघाटला महाविद्यालयाकडे निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले, आणि आठवड्याने तिचा अंत झाला. तेव्हा शिक्षकांची पदे भरा, हीही सुरक्षेचीच मागणी आहे, आणि ती पालकांनी शिक्षकांच्या बरोबरीने केली पाहिजे. मात्र थकलेला हात नेमक्या कोणाच्या पाठीवर पडतो, हा प्रश्न थकव्याने सुटत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, पालकांना पोलीस ठाण्यात ताटकळावे लागले, लोक रेल्वेमार्गावर उतरले. मग सरकारने शाळांत कॅमेरे व तक्रारपेट्या लावण्याचा आदेश काढला. कॅमेरे जरूर लावावेत. परंतु "तुम्हाला काय, सवलतीत पास व्हाल" हे वाक्य कॅमेऱ्यात दिसत नाही. मागच्या बाकावरची वर्षानुवर्षांची जागा कॅमेऱ्यात दिसते, पण ती पाहणाऱ्याच्या नजरेस खटकत नाही. तक्रारपेटीची किल्ली ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच खिशात असेल, तर ती पेटी नसून फळीचा तुकडा आहे.

विनय, म्हणजे शिस्त, हा शब्द आपल्या धम्मात मोठा आहे. शाक्य राजपुत्रांनी स्वतःचा अभिमान जावा म्हणून उपाली न्हाव्याला आपल्या आधी दीक्षा देण्याची विनंती केली, आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे नियम त्याच उपालीने सांगितले. ज्याला समाजाने खाली बसवले होते त्याच्याकडे नियमांचा अधिकार गेला. त्या संघात शिस्त होती आणि छडी नव्हती.

आता कर्तव्याविषयी. कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असाव्यात. आपल्या वस्तीतील भगिनीचे नाव नुसते कागदावर घालून सही घरपोच घेतली जात असेल, तर तिने पुढच्या सभेस जाऊन बसावे व वहीतील मागील ठराव वाचून दाखवण्यास सांगावे. मुलाला मार किंवा अपमान सोसावा लागला तर बत्तिसाव्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे ग्रामीण भागात जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार द्यावी. तोंडी सांगून परतू नये; प्रत ठेवावी, तीवर पोच व तारीख घ्यावी. तीन महिन्यांत निर्णय देणे बंधनकारक आहे, आणि तो न पटल्यास राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येते. हे संरक्षण सहा ते चौदा वयापुरते आहे. नववी-दहावीच्या मुलांना ते पुरत नाही, आणि ही उणीव दूर करण्याची मागणी आपल्या आमदारांपुढे गेली पाहिजे. जातिवाचक अपमान झाला असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. "तुम्ही आता बौद्ध, तुम्हांस तो लागू नाही" असे कोणी सांगितल्यास ते असत्य समजावे. अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना ते स्थान केंद्राने १९९० सालीच दिले आहे. फिर्याद देताना मुलाच्या जातीचा दाखला बरोबर न्यावा, आणि वस्तीतील एक वाचता येणारा माणूस सोबत असावा, म्हणजे लिहून घेतलेली फिर्याद सहीपूर्वी वाचून पाहता येईल.