मधुमेह सगळ्यांचा सारखा नसतो

‘साखर झाली’ हे शब्द आता घरोघरी ऐकू येतात. आजोबांना साखर, मावशीला साखर आणि शेजारच्या दहा वर्षांच्या मुलालाही साखर! शब्द एकच, म्हणून आजारही एकच, असा समज होतो आणि एकाचा उपाय दुसऱ्याला सुचवला जातो. हा समज लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतो.

मोठ्या माणसांत आढळणारा मधुमेह बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो. यात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि पुढे इन्सुलिनही कमी पडू लागते. आनुवंशिकता, सुटलेले पोट व बैठे काम ही त्याची प्रमुख कारणे. आपल्याकडे तो बारीक माणसांनाही होतो आणि तिशीतही आढळतो. बेताचा आहार, रोजचे चालणे आणि गोळ्या यांनी तो बहुतेकांचा आटोक्यात राहतो. वजन उतरल्यावर काहींच्या गोळ्याही सुटतात.

गरोदरपणातला मधुमेह हा आणखी एक प्रकार. त्यासाठी पहिल्या तपासणीच्या वेळी आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान रक्त तपासावे. बाळंतपणानंतर तो बहुधा जातो. पण पुढे कायमचा होण्याचा धोका राहतो.

पहिल्या प्रकाराची गोष्ट निराळी. तो बहुधा मुलांना व तरुणांना होतो. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. यात आईचा दोष नाही की गोड खाण्याचाही नाही. याला रोजच्या इन्सुलिनला पर्याय नाही. १९२२ साली टोरांटोमध्ये १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. त्याआधी अशी मुले फार काळ जगत नसत.

तरीही ‘काकांची साखर कारल्याच्या रसाने उतरली’ असे ऐकून काही पालक मुलाचे इन्सुलिन थांबवतात. मग एक-दोन दिवसांतच उलट्या, पोटदुखी, जोरजोराचा श्वास आणि पुढे बेशुद्धी! मूल आजारी असेल, जेवत नसेल, तरी इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये. मात्रा डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

दुसरी चूक आजार लपवण्याची. ‘मुलीचे लग्न कसे होणार?’ या काळजीने शाळेतही सांगितले जात नाही. मग वर्गात साखर उतरून मुलीला घाम सुटला, हातपाय कापू लागले, तर बाईंनी काय ओळखावे? त्या वेळी शुद्धीवर असताना दिलेली तीन चमचे साखर जीव वाचवते. व्यवस्थित उपचार घेणाऱ्या मुली शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. लाज बाळगावी असे यात काहीही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पालकांनो, मूल सारखे पाणी पीत असेल, लघवीला वारंवार जात असेल, पुन्हा अंथरूण ओले करू लागले असेल, खाऊनही वाळत असेल, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्या. आणि घरात कोणालाही मधुमेह निघाला, तर ‘साखर किती?’ याबरोबरच ‘प्रकार कोणता?’ हेही डॉक्टरांना जरूर विचारा.