पेपर जाईल, पण बातमीदाराचं काय?

'प्रिंट मीडिया संपला' हे वाक्य ऑफिसच्या कँटीनमध्ये मी कित्येक वर्षं ऐकतोय. आपण आयटीवाले ते जरा जास्तच खुशीत म्हणतो, जणू काही आपणच कोड लिहून त्याला संपवलं! मुंबईपुरतं बघितलं तर ते अगदीच खोटंही नाही. बेहराम कॉन्ट्रॅक्टर यांनी १९८५ मध्ये सुरू केलेला 'आफ्टरनून' २०१९ मध्ये बंद झाला. २००५ मध्ये गाजावाजा करत आलेल्या 'डीएनए'ची छपाई त्याच वर्षी थांबली. 'मुंबई मिरर' दैनिक म्हणून डिसेंबर २०२० मध्ये संपला.

मला कागदाचं फारसं दुःख नाही. बोरिवली फास्टच्या गर्दीत पेपरची चौघडी करून वाचणं ही कला होती खरी, पण मोबाइल त्याहून सोयीचा आहे. आणि २०२० मध्ये तर आपल्यावर प्रयोगच झाला. लॉकडाउनमध्ये मुंबईत घरोघरी पेपर टाकणं जूनपर्यंत बंद होतं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पीडीएफ येऊ लागल्या आणि कित्येक घरांत पेपर परत सुरूच झाला नाही.

तर मुद्दा कागदाचा नाहीच. मुद्दा आहे पैशाचा.

पेपरचं बिल आपण द्यायचो, त्यातलं थोडं रद्दीवाल्याकडून वसूलही करायचो. बातमीचा खरा खर्च वाचकाने कधी उचललाच नाही. तो उचलला जाहिरातींनी. त्यातही जागा, नोकरी आणि वधू-वर या छोट्या जाहिरातींचा वाटा मोठा. १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम आलं, मग स्थळांच्या आणि जागांच्या साइट आल्या, आणि त्या जाहिराती तिकडे गेल्या. उरलेल्यांतल्या बऱ्याच गुगल-फेसबुककडे. म्हणजे अंधेरीतला वन बीएचके विकणाऱ्या माणसाच्या पैशातून नकळत वॉर्ड ऑफिसमधल्या बातमीदाराचा पगार निघत होता. तो धागाच तुटला.

आता साइटला पैसा मिळतो तो क्लिकवर. मग 'तुम्हालाही बसेल धक्का' आणि 'वाचा सविस्तर' छापाच्या बातम्या येतात. सविस्तर म्हणजे चार ओळी!

पण ऑनलाइनला नुसती नावं ठेवण्यात अर्थ नाही. अंधेरीच्या गोखले पुलाचंच घ्या. जुलै २०१८ मध्ये त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली आणि लोकांना दिसलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याला जुळतच नाही. मध्ये दीड-दोन मीटरचा फरक! तो फोटो फोनवर असा फिरला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरची वाट बघायची कुणाला गरजच उरली नाही. महापालिकेची लाज गेली आणि काम हललं. व्हीजेटीआयच्या सल्ल्याने बर्फीवाला पूल जॅकने वर उचलला आणि जुलैमध्ये दोन्ही पूल जोडले गेले. फोटोचं श्रेय फोटोला द्यायलाच हवं.

पण फोटो निघाला कधी? पूल बांधून झाल्यावर. रेल्वेच्या नव्या नियमामुळे गोखले पूल उंच होणार हे नकाशात आधीच होतं. नकाशा व्हायरल होत नाही. तो मागवून, दोन खात्यांत खेटे घालून 'हे जुळणार कसं?' असं आधीच विचारायला पगारी माणूस लागतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर पडल्यावर अलर्ट सगळ्यांनाच येतो. रोज लॉग वाचणारा कुणी असेल तर तो पडत नाही. सोशल मीडिया हा उत्तम अलर्ट आहे. लॉग वाचणाऱ्याची नोकरी मात्र आपण घालवत चाललोय.

आणि कधी घालवतोय बघा. महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. जवळजवळ चार वर्षं मुलुंडपासून अंधेरीपर्यंत एकाही वॉर्डाला नगरसेवक नव्हता. सगळा कारभार प्रशासकाच्या हातात, आणि २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं! सभागृहात प्रश्न विचारणारे २२७ जण नसताना बाहेरून प्रश्न विचारणारे जास्त हवे होते.

पेपर फार सोवळे होते असंही नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत 'पेड न्यूज' कुठे छापून आल्या ते आपल्याला माहीत आहे. पण त्यातून मी उलटाच धडा घेतो. वाचक पैसे देत नाही तेव्हा दुसरं कुणीतरी देतं, आणि मग बातमी त्याची होते. ऑनलाइनमध्ये हे बदलेल असं मानायला मला तरी काही कारण दिसत नाही. उलट तिथे जाहिरात कुठली आणि बातमी कुठली हे ओळखणंच अवघड झालंय.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ओटीटीचे दोन-तीन पॅक आपण विचार न करता घेतो. तसंच आपल्या उपनगराच्या बातम्या नेमाने देणारं एखादं पोर्टल किंवा पेपर निवडायचा, कागदावर असो की स्क्रीनवर, आणि त्याची वर्गणी भरायची. पासवर्ड सोसायटीभर वाटायचा नाही, पीडीएफ फॉरवर्ड करायची नाही. फुकट सॉफ्टवेअरची खरी किंमत काय असते हे तरी आपल्याला कुणी सांगायला नको.

असो. बघा पटतंय का.