नोंदणी झाली, मालकीचे काय?

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, समुद्राच्या बाजूला असलेल्या वटारसारख्या गावात घर वा वाडी विकण्याचा व्यवहार पूर्वी सहसा माहितीतल्या माणसांतच होत असे. कोणाची वाडी कोठे संपते, विहिरीच्या पाण्यावर कोणाचा हक्क आहे, लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी कोणत्या घराची वारस, हे गावाला तोंडपाठ असे. आज घेणारा अंधेरीचा, विकणाऱ्याचा एक भाऊ परदेशी आणि मध्यस्थ तिसऱ्याच गावचा. गावाची स्मृती या व्यवहारातून बाहेर पडली. तिची जागा कागदाने घेतली. परंतु तो कागद नेमके काय सिद्ध करतो, हा प्रश्न मात्र फार थोडे लोक विचारतात.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदला गेला, सही-शिक्का मिळाला, सूची क्रमांक दोनचा उतारा हाती आला, की आपण मालक झालो असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार नोंद होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. विकणाऱ्याकडे मुळात विकण्याजोगे काही होते काय, याचा निर्णय निबंधक देत नाही. मालकीचे कागद सादर केले नाहीत म्हणून नोंदणी नाकारण्याची मुभा देणारा तामिळनाडूचा नियम सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये रद्दबातल ठरविला, तो याच तत्त्वावर. सातबाऱ्याची गोष्टही वेगळी नाही. त्यावरील नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते एवढेच. तिने मालकी निर्माण होत नाही. गावठाणातील घराची घरपट्टीची पावती तर केवळ कर भरल्याचा पुरावा होय. ग्रामीण गावठाणांतील घरांना मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना केंद्राने एप्रिल २०२० मध्ये सुरू केली, तीच मुळी ही उणीव ओळखून.

या उणिवेची किंमत कोण मोजतो, हे वटारपासून फार दूर नसलेल्या नालासोपाऱ्याने दाखवून दिले आहे. तेथील पूर्व भागातील अग्रवाल नगरीच्या परिसरात आरक्षित जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पाडण्यात आल्या. २०२४ च्या अखेरीस सुरू झालेले पाडकाम फेब्रुवारी २०२५ मध्ये संपले. शेकडो कुटुंबे रस्त्यावर आली. त्यापुढे काही महिन्यांतच, २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री, विरारमधील रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा बळी गेला. पहिल्या ठिकाणी घरे गेली, दुसऱ्या ठिकाणी माणसे.

अशा वेळी 'लोकांनी चौकशी करायला नको होती काय?' असा प्रश्न हमखास विचारला जातो. हा प्रश्न वरवर रास्त वाटतो; पण तो अर्धाच आहे. चौकशी म्हणजे काय, हे एकदा मोजून पाहावे. निदान ३० वर्षांचे दस्त तपासून वकिलाचा शोध अहवाल घ्यायचा. सातबारा आणि त्यामागचे सर्व फेरफार वाचायचे. जमीन भोगवटादार वर्ग दोनची आहे काय, तिला कुळकायद्याच्या कलम ४३ ची अट लागू आहे काय, ती आदिवासी खातेदाराची असून महसूल संहितेच्या कलम ३६-अ खाली परवानगीविना बिगर-आदिवासीला विकता न येणारी आहे काय, हे पाहायचे. विकास आराखड्यात आरक्षण आहे काय, बांधकाम परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र खरे आहे काय, याची महापालिकेत खातरजमा करायची. घर वडिलोपार्जित असेल तर सर्व वारसांच्या सह्या घ्यायच्या. वसईत याला विशेष महत्त्व आहे. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखाच आहे, आणि हिंदू कुटुंबांत २००५ च्या दुरुस्तीने मुलगीही जन्मतः सहदायाद झाली आहे. सातबाऱ्यावर बहिणीचे नाव नाही, म्हणून तिचा हक्क संपत नाही. तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले असेल तरच तो संपतो. सदनिकेवर ज्याचे नामनिर्देशन आहे, तोही केवळ त्यामुळे मालक ठरत नाही. वारसांचा हक्क अबाधित राहतो.

विसार दिला, साठेखत केले, ताबाही मिळाला, तरी खरेदीखत होईपर्यंत मालकी हस्तांतरित होत नाही, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे केलेल्या तथाकथित विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. तरीही हे व्यवहार थांबले नाहीत. कारण ते स्वस्त पडतात.

येथे कायद्याचा प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की मालाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर खोटा माल खऱ्याला बाजारातून हुसकावतो. आपल्या घरबाजारात नेमके हेच घडते. रीतसर परवानगी घेणारा, शुल्क भरणारा, आरक्षण पाळणारा बांधकामदार महाग ठरतो. यांपैकी काहीच न करणारा स्वस्तात विकतो, आणि दोघांच्या दस्तावर शिक्का मात्र एकाच कचेरीचा. गिरणी-कारखान्यात वा दुकानात राबणाऱ्या कुटुंबाने त्यांतला फरक कसा ओळखावा? ३० वर्षांचा शोध त्याने एकट्याने, स्वखर्चाने घ्यावा, तोच शोध पुढच्या मजल्यावरील खरेदीदाराने पुन्हा घ्यावा, ही सामाजिक दृष्ट्याही उधळपट्टीच आहे.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने आणि १ मे २०१७ पासून कार्यरत झालेल्या महारेराने परिस्थिती पुष्कळ सुधारली, हे मान्य केले पाहिजे. नोंदणीकृत कराराशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. पण जुन्या सदनिकेच्या फेरविक्रीला वा गावठाणातील घराला हे कवच नाही. शिवाय कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांच्या आधारे ६५ इमारतींनी महारेराची नोंदणीही मिळविली होती, हे उघडकीस आल्यावर एका कचेरीला दुसरीच्या कागदाची खातरजमा करता येत नाही, हेच सिद्ध झाले.

म्हणून उपाय हवा तो येथेच. महापालिकेने दिलेल्या प्रत्येक बांधकाम परवानगीची व भोगवटा प्रमाणपत्राची सर्व्हे क्रमांकवार यादी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत उपलब्ध असावी, आणि त्या यादीत इमारत आहे की नाही, हे दस्ताच्या पहिल्याच पानावर ठळक मराठीत छापले जावे. नोंदणी नाकारू नये. सत्य मात्र सांगावे. एवढ्याने मालकीची हमी मिळणार नाही, पण अज्ञान तरी उरणार नाही. दूरचे उद्दिष्ट अर्थातच शासनाने हमी दिलेल्या मालकीचे असावे. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने १८५८ मध्येच अशी पद्धत आली. १९०८ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी केंद्राने मे २०२५ मध्ये विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी मांडला होता. दस्तांची नोंद संगणकावर करणे एवढ्यावरच ही सुधारणा थांबली, तर जुनीच अनिश्चितता अधिक वेगाने नोंदली जाईल.

अशा कडक नियमांनी गरिबाचे स्वस्त घर हिरावले जाईल, असा आक्षेप घेतला जातो. तो प्रामाणिकही असू शकतो. परंतु जे घर पंधरा वर्षांनी पाडले जाते आणि ज्याच्या कर्जाचे हप्ते ते पडल्यावरही चुकत नाहीत, त्याला स्वस्त म्हणायचे कोणत्या हिशेबाने? गरिबाला परवडणारे घर देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. त्याची उणीव फसवणुकीकडे डोळेझाक करून भरून काढता येत नाही.

दर व्यवहारामागे शासन मुद्रांक शुल्क घेते, नोंदणी फी घेते. तो पैसा तिजोरीत जमा होताना कोणी मालकीची शंका काढत नाही; ती निघते घर पाडण्याची नोटीस दारावर चिकटल्यानंतर. ज्याने शिक्का मारण्याचे दाम घेतले, त्याने शिक्क्यामागे निदान आपल्या दप्तरातील खरी माहिती तरी उभी करावी. वटारच्या वाडीत पूर्वी गावाची स्मृती जे काम फुकट करीत होती, ते आता दाम घेऊन करण्यास शासनाला संकोच वाटू नये.