नवं सॉफ्टवेअर घेताय? मालाचे कोड नव्याने बनवू नका

दुकानाचं सॉफ्टवेअर बनवून घेताना बरेच जण मालाचे गट आणि कोड स्वतःच्या मनाने ठरवतात. माझ्या मते हा खर्च वाया जातो. मालाची 'एचएस' वर्गवारी जगभर १९८८ पासून लागू आहे. जीएसटीचा एचएसएन कोड तिच्यावरच उभा आहे. सोयाबीन १२०१, परभणीत तेच आणि मुंबईतही तेच. आपले वेगळे कोड ठेवले, तर रिटर्न भरताना, सॉफ्टवेअर बदलताना प्रत्येक वस्तू पुन्हा जुळवत बसा!

हां, एवढ्यावर भागत नाही. परभणी कृषी विद्यापीठाचं 'एमएयूएस ७१' असो की दुसरं वाण, १२०१ मध्येच येतं. गिऱ्हाईक मात्र वाणाचं नाव घेऊन मागतं. म्हणून शेजारी वाणाचा, बॅगच्या वजनाचा आपला रकाना ठेवा. पाया तयार घ्या, पैसा या रकान्यांवर लावा.