हत्ती गेला, शेपूट राहिले

जुनी वस्तू विकणारा माणूस मुख्य वस्तू इमानाने देतो. तिचे सटरफटर मात्र त्याच्याच घरी राहते. पाळणा येतो, कड्या येत नाहीत. शिवणयंत्र येते, बॉबिन येत नाही. मिक्सर येतो, झाकणाचे रबर येत नाही. ह्याच जातीचे एक प्रकरण यंदा आमच्या घरात घडले. त्यात थोडे शास्त्रही आहे, म्हणून वाचकांपुढे ठेवतो.

माझ्या पुतण्याने पहिल्या पगारातून घरच्या गाडीसाठी ‘इनटेक’ आणला. इनटेक म्हणजे इंजिनाकडे हवा नेणारी नळी आणि तिच्या तोंडावरचा शंकूसारखा फिल्टर. हा गाडीच्या कंपनीचा नव्हे, बाहेरच्या कारखान्याचा. आणि तोही वापरलेला! पिशवी उपडी केली तेव्हा नळी, फिल्टर, रबरी जोडनळी आणि एक वाकडी पट्टी निघाली. दोन क्लिपा, एक ग्रोमेट, पट्टीखालचा रबरी बुश आणि त्याचा बोल्ट ही मंडळी मात्र गैरहजर होती.

“काका, त्यात काय मोठेसे? तार गुंडाळू,” पुतण्या म्हणाला.

वहिनींना ते ऐकू गेले. आमच्या दादांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेणारी हीच गाडी. त्या एवढेच म्हणाल्या, “भावजी, तारबीर नको हं.”

वहिनींची भीती अगदी शास्त्रशुद्ध होती. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे जवळजवळ ९,००० लिटर हवा! ती सारी ह्या एका नळीतून जाणार. सांध्यात फट राहिली, तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत शिरते आणि सिलिंडर घासते. शिवाय आमच्या गाडीत हवेचे माप घेणारा सेन्सर ह्याच वाटेवर बसतो. त्याच्या पुढच्या फटीतून घुसलेली हवा हिशेबात येत नाही, पेट्रोल कमी पडते, आणि सिग्नलला उभे असताना इंजिन थरथरते. प्रसंगी बंदही पडते. तेव्हा ठरले असे की, सगळे भाग जमेपर्यंत गाडीवर मूळची फिल्टरपेटीच राहील.

नाना पेठेत दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, “गाडी कोणती?” येथे त्या प्रश्नाचा उपयोग नव्हता. बाहेरच्या मालाला गाडीचे नाव चालत नाही, माप चालते. म्हणून मापे घरीच घेतली.

आधी क्लिपा. स्क्रू फिरवून आवळायची ही पट्टी दिसायला साधी. पण १९२१ साली ब्रिटिश आरमारातल्या लम्ली रॉबिन्सन नावाच्या निवृत्त कमांडरने तिचे पेटंट घेतले होते! जोडनळीवरून दोरा गुंडाळला, तो भरला २२ सेंटिमीटर. ३.१४ ने भागले, व्यास आला ७० मिलिमीटर. तेव्हा ६० ते ८० मापाची क्लिप. दोरा धातूच्या नळीवर नव्हे, वरच्या रबरावर गुंडाळायचा, कारण क्लिप आवळते ती रबराला.

ग्रोमेट म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी. तिची मापे तीन: नळीचे भोक, नळीच्या पत्र्याची जाडी आणि आतून जाणाऱ्या छोट्या नळीचा व्यास. ह्या छोट्या नळीतून इंजिनातल्या तेलाची वाफ येते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा येथे लवकरच फुगून मऊ पडतो. तेल सोसणारे नायट्राइल रबरच मागावे. फिल्टरच्या पुढे जे काही सुटेल ते थेट इंजिनाच्या पोटात जाते, हे विसरू नये.

बुशाचे काम गाडी आणि इंजिन यांचे पटवून देण्याचे. इंजिन हलते, गाडीचा सांगाडा हलत नाही; मध्ये रबर नसेल तर नळीला तडा जातो, नाहीतर सांधा सैल होतो.

आणि बोल्ट! ६ मिलिमीटरचा बोल्ट आणि पाव इंची बोल्ट शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आटेही निराळे. बोटांनी दोनतीन फेरे सहज फिरला तर तो आपला. अडला तर पान्याने जबरदस्ती करू नये, आटे मरतात.

तीन संध्याकाळी खर्चून इनटेक बसला. आठ दिवसांनी पुतण्याने नळी उघडून फिल्टरच्या आतल्या बाजूने पांढरा रुमाल फिरवला. रुमाल पांढराच निघाला, तेव्हा कुठे वहिनींनी चहा ठेवला. शक्ती किती वाढली म्हणाल, तर आवाज नक्की वाढला!

वाचकांपैकी कुणाच्या मुलाला ही हौस असेल, तर दोन गोष्टी सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाने गाडीतल्या बदलांवर बंधने घातली आहेत. तेव्हा आधी आर. टी. ओ. मध्ये चौकशी करावी. आणि मूळची पेटी तिच्या सगळ्या स्क्रूंसह जपून ठेवावी.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून गंजका डबा खाली येतो. त्यात कसलेकसले स्क्रू, वायसर, रबरे असतात. तो कचऱ्यात टाकण्यापूर्वी घरातल्या पुरुषमंडळींना आणि मुलींनाही एकदा विचारा. ज्याची ओळख पटेल ते पुडीत बांधून वर नाव लिहा. उद्या ती वस्तू विकायची झाली, तर पुडीही सोबत द्या. घेणाऱ्याच्या घरीही कुणी दादा असतील.