रंग कुठे लावायचा नाही?

बालमित्रांनो, सुट्टीत जुन्या सायकलला रंग द्यायचा बेत आहे ना तुमचा? छान! पण ब्रश हातात घेण्याआधी माझी एक फजिती ऐका. फजिती कसली, चूकच ती.

मी सातवीत होते. मावशीकडून एक जुनी लेडीज सायकल आमच्याकडे आली होती. जागोजागी गंजलेली. घरात खिडक्यांचा निळा ऑइलपेंट उरला होता. अण्णा कामावर गेल्यावर मी डबा उघडला आणि दिसेल तिथं रंग फासला. दांडी निळी, मडगार्ड निळं, ब्रेक निळे, चाकांच्या रिमसुद्धा निळ्याशार! मैत्रिणी बघतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी अंगणात चक्कर मारली, तेव्हा ब्रेक जरा घसरतोय असं वाटलं होतं. पण अण्णांना सांगितलं तर रंग खरवडायला लावतील, म्हणून मी गप्प बसले. वर धाकट्या भावाला कॅरिअरवर बसवलं आणि देवळाजवळच्या उतारावर निघाले. ब्रेक दाबला, पार मुठीपर्यंत दाबला, तरी सायकल थांबेना! शेवटी खडीच्या ढिगात शिरलो. मला खरचटलं, पण भावाच्या हनुवटीला तीन टाके पडले. ती खूण अजून आहे.

असं का झालं? दोन्ही तळहात एकमेकांवर जोरात घासून बघा. गरम झाले ना? आता हाताला तेल लावून घासा. हात सुळकन सरकतात. ब्रेकचं काम पहिल्या प्रकारचं. तुम्ही मुठीजवळचा ब्रेक दाबता, तार ओढली जाते आणि चिमट्यासारखे दोन हात रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबून धरतात. या चिमट्याला म्हणतात कॅलिपर. रबर रिमवर घासतं, चाकाच्या गतीची उष्णता होते आणि सायकल थांबते. रिमवर रंग आला की ही पकड जाते. चकचकीत रिमवर रंग नीट चिकटत नाही, त्याच्या खपल्या निघतात, त्या रबराला चिकटतात आणि रबरही गुळगुळीत होतं.

आणखी एक गंमत सांगते. वेग दुप्पट झाला, तर त्याच ब्रेकने थांबायला अंतर लागतं चौपट! म्हणून उतारावर कमजोर ब्रेक फार महागात पडतो.

मग रंग द्यायचाच नाही का? द्यायचा की! पण असा.

आधी सायकल साबणाच्या पाण्याने धुऊन पुसून कोरडी करा. गंज पॉलिश पेपरने घासून काढा. ओल्या किंवा तेलकट लोखंडावर रंग टिकत नाही. मग दोन्ही रिम, ब्रेकचे रबर, साखळी आणि तारा यांना कागद आणि चिकटपट्टी लावून झाकून टाका. आता रेड ऑक्साइडचा एक हात द्या. तो वाळला की रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात, वरची साय वाळते आणि आतला रंग ओलाच राहतो. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. घाई नको बरं का!

ब्रेकचा चिमटा रंगवायचा असेल, तर फक्त बाहेरून, तोही अगदी पातळ. जिथं तो बोल्टवर फिरतो तिथं आणि स्प्रिंगवर रंग नको. तिथं रंग साचला तर ब्रेक अडकतो आणि सोडला तरी सुटत नाही. काम उघड्यावर करा. रंगाजवळ चूल, काडेपेटी नको, आणि जेवणाआधी हात स्वच्छ धुवा.

हल्ली काही मोटारींच्या चाकाआड लालभडक काहीतरी दिसतं, पाहिलंत का? तोही कॅलिपरच. तिथं रिमऐवजी चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी असते. तिला म्हणतात डिस्क. ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपर त्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबतो. जोरात ब्रेक मारला की डिस्क इतकी तापते की साधा रंग जवळ टिकत नाही. म्हणून कॅलिपरला उष्णता सोसणारा खास रंग लागतो. आणि नियम तोच! डिस्क, पॅड आणि पिस्टनभोवतीचं रबर यांना रंगाचा थेंबही लागता कामा नये. ब्रेक ऑइल सांडलं तर ते नवा रंगच खाऊन टाकतं. या कामासाठी चाक काढावं लागतं, तेव्हा ते मोठ्या माणसांनीच करायचं. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली तर कोणीच जायचं नाही.

अण्णा त्या दिवशी मला रागावले नाहीत. त्यांनी टर्पेंटाइनची चिंधी दिली आणि शेजारी बसून दोन्ही रिम साफ करून घेतल्या. रबरं नवीन घातली. मग म्हणाले, "ब्रेक घसरतोय हे तुला आधी कळलं होतं ना?" मी मान खाली घातली. मला ते टाक्यांपेक्षा जास्त लागलं.

तेव्हा मुलांनो, रंग वाळल्यावर आधी सपाट जागी, एकट्याने, सायकल हळू चालवून दोन्ही ब्रेक तपासा. काही वेगळं वाटलं तर लगेच घरी सांगा. आणि पालकहो, मूल सांगायला आलं, तर रंगाच्या डब्यावरून रागवायच्या आधी ब्रेक बघा हं!

— तुमच्या बाई